आयटीआय कोणाच्या मुलांसाठी?

दहावीचा निकाल लागला की पुढचे आठ-दहा दिवस आमच्या शाळेच्या कार्यालयाबाहेर पालकांची रांग असते. कोणाला शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, कोणाला बोनाफाइड, कोणाला गुणपत्रिकेवरच्या नावातली चूक दुरुस्त करून हवी असते. काम झाल्यावरही बरेच पालक लगेच निघत नाहीत. काही वर्षांपूर्वी अशीच एक आई मुलाला घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मुलाला ६४ टक्के गुण होते. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानात त्याने दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या होत्या, आणि शाळेच्या टाकीची मोटार बंद पडली तेव्हा दोष कपॅसिटरचा आहे हे त्यानेच आमच्या शिपाईमामांना सांगितले होते. आई म्हणाली, “सर, ह्याला आयटीआयला घालावं म्हणते. पण दीर म्हणतात, एवढे मार्क पडलेत तर सायन्सला टाका, आयटीआय कशाला?” मी आयटीआयची बाजू घेऊन बराच वेळ बोललो. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि उठता उठता विचारले, “सर, राग मानू नका, पण तुमच्या मुलाला तुम्ही घातलं असतं का?”

माझा मुलगा त्या वर्षी अकरावी सायन्सला होता. तिला मी काय उत्तर दिले ते आता नीटसे आठवत नाही, पण तिचा प्रश्न विसरता आलेला नाही. कारण महाविद्यालयीन पदवीला पर्याय असला पाहिजे, हाताला काम देणारे शिक्षण मिळाले पाहिजे, असे आपल्याकडे मंत्री म्हणतात, उद्योजक म्हणतात, संपादक लिहितात आणि आम्ही शिक्षकही सांगतो. परंतु हा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची मुले त्या वाटेला जवळजवळ कधीच जात नाहीत. पदवीच्या बाहेरचा रस्ता आवश्यक आहे आणि तो चांगला होऊ शकतो, असे माझे ठाम मत आहे. मात्र सल्ला देणाऱ्याने आपल्या मुलालाही बिनघोर पाठवावे इतका तो रस्ता पक्का नसेल, तर दुसऱ्याच्या मुलाला तिकडे वळवण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही.

आधी हा रस्ता कसा आहे ते पाहू. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आयटीआय, आहेत आणि खासगी संस्था त्याखेरीज आहेत. १९५० साली केंद्राने सुरू केलेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली त्या चालतात. जोडारी म्हणजे फिटर, वीजतंत्री, यंत्रकारागीर हे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. संधाता म्हणजे वेल्डरचा व्यवसाय एका वर्षाचा असून त्याला आठवी पास मुलगाही जाऊ शकतो. त्यानंतर कारखान्यात, एसटीच्या आगारात, रेल्वेच्या कार्यशाळेत किंवा महावितरणच्या उपकेंद्रात शिकाऊ उमेदवारी करता येते. यापुढची गोष्ट पालकांना फारशी ठाऊक नसते: दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्या मुलाला पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, पदविका झाल्यावर पदवी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. म्हणजे कागदावर तरी ही वाट आंधळी नाही. ‘एकदा आयटीआयला गेला की कायमचा अडकला’ ही समजूत चुकीची आहे, आणि ती दूर करण्याचे काम आम्हा माध्यमिक शिक्षकांचे आहे. ते आम्ही पुरेसे केलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या बाजूला पदवीची अवस्था काय आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगार अहवालानुसार २०२२ साली देशातील तरुण पदवीधरांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधील बेरोजगारी ३.४ टक्के. हे आकडे पुढे करून ‘शिकून काय उपयोग?’ असा निष्कर्ष काढणारी भाषणे मी ऐकली आहेत. तो निष्कर्ष धोकादायक आहे. निरक्षर तरुण बेरोजगार दिसत नाही, कारण रिकामे बसणे त्याला परवडत नाही; मिळेल त्या मजुरीवर, मिळेल त्या कामावर तो जातो आणि आकडेवारीत त्याची नोंद ‘रोजगारात’ अशी होते. पदवीधराला घरचे काही वर्षे पोसू शकतात, म्हणून तो बेरोजगार म्हणून मोजला जातो. हे आकडे शिक्षण व्यर्थ असल्याचे सांगत नाहीत. आपण मुलांना जे शिकवतो आणि त्यांच्यासाठी जी कामे निर्माण करतो, त्यांच्यात किती अंतर आहे ते हे आकडे सांगतात. तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.ए. होऊन पुढची पाच-सहा वर्षे अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा आज प्रत्येक गावात आहे. त्याच्या आयुष्याची ती वर्षे वाया जात आहेत हे त्यालाही कळते, पण त्याच्यासमोर दुसरे सन्मानाचे काही ठेवलेलेच नसते.

‘सन्मानाचे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. हाताच्या कामाला आपल्या समाजात प्रतिष्ठा नाही, असे सगळेच म्हणतात आणि त्याचा दोष पालकांच्या मानसिकतेला देऊन मोकळे होतात. मला हा आरोप अन्यायकारक वाटतो. आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार ही कसबे होती आणि ती उत्तम होती. परंतु ती जन्माला बांधलेली होती. लोहाराच्या मुलाने भाता ओढायचा, हे त्याच्या हाताचा कल पाहून कोणी ठरवत नव्हते. बलुत्याच्या बदल्यात खळ्यावर धान्य मागायला उभे राहणाऱ्या कारागिराला कसब होते, पण आपल्या कामाचा भाव ठरवण्याचा हक्क नव्हता. अशा घरातल्या तिसऱ्या पिढीला पदवीचा कागद म्हणजे केवळ नोकरीचे साधन वाटत नाही. हात पसरण्यापासून सुटकेचा तो दाखला आहे. त्या घरातल्या आईला ‘पदवीच्या मागे लागू नका, कौशल्य शिकवा’ असे सांगताना तिच्या कानावर नेमके काय पडते, याचा विचार सांगणाऱ्याने केला पाहिजे.

हा धोका काल्पनिक नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ निम्मी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईवडिलांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. शाळा कमी, मुले जास्त, आणि हाताचे काम शिकणे चांगलेच, असा त्यामागचा युक्तिवाद होता. लोकांनी तिला ‘कुलशिक्षण’ म्हटले, जातिविरोधी चळवळीचे नेते पेरियार यांनी तिच्याविरुद्ध रान उठवले, आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. योजनेतले कौशल्य वाईट नव्हते. ते कोणी शिकायचे हे जन्माने ठरत होते, म्हणून ती लोकांनी नाकारली. आज आपण जातीचे नाव घेत नाही, पण आयटीआयच्या वर्गात कोणत्या घरांतली मुले बसतात आणि नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयात कोणत्या घरांतली, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांना दिसते.

महाराष्ट्राच्या परंपरेत याहून वेगळे उत्तर आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत असे मागितले होते. एक घ्या आणि दुसरे सोडा, असे त्यांनी म्हटले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग काढला तेव्हाही वसतिगृहातला मुलगा खडी फोडतो, शेतात राबतो, म्हणून त्याचे कॉलेज सुटले नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज अशाच मुलांसाठी होते. आणि १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला तो शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांसाठी. तिथे मुले वेल्डिंग करतात, सुतारकाम करतात, घराचे बांधकाम, वीजजोडणी, माती-पाण्याची तपासणी, पशुपालन शिकतात. हात चालू लागला की डोके चालू लागते, या भरवशावर तो अभ्यासक्रम उभा आहे. या तिन्ही प्रयत्नांत श्रम हे शिक्षणाचे दार होते. आपण त्याच श्रमाला नापासांची खोली करून टाकले.

हाताच्या कामात बुद्धी लागत नाही, हा समज किती खोटा आहे हे फिटरच्या कार्यशाळेत एक तास उभे राहिले तरी कळते. एका शासकीय संस्थेत मी आमच्या शाळेची मुले घेऊन गेलो होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना पोलादाचा हाताच्या पंजाएवढा तुकडा दिला होता. तो व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, पकडून कानशीने घासायचा आणि पृष्ठभाग सपाट करायचा, एवढेच काम. एक मुलगा थांबून थांबून तुकडा उजेडाकडे धरत होता. गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, त्या पृष्ठभागावर टेकवायचा आणि त्याच्या धारेखालून प्रकाशाची रेघ दिसते का ते पाहायचे. रेघ दिसली तर तिथे खड्डा आहे, म्हणजे बाकीचा सगळा भाग त्या खड्ड्याच्या पातळीपर्यंत खाली आणावा लागणार. त्याला दोन्ही कडांना रेघ दिसत होती. शिल्पनिदेशक, म्हणजे तो व्यवसाय शिकवणारे शिक्षक, त्याच्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “कानस पुढे नेताना तुझा मागचा हात खाली दबतोय, म्हणून कडा जास्त घासल्या जातात नि मध्ये फुगवटा राहतो. पाय बदल.” पाय बदल, हे त्यांचे शब्द. उभे राहण्याची रीत बदलली की खांद्याचा जोर बदलतो, आणि खांद्याचा जोर बदलला की पोलादावर मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक पडतो. व्हर्नियर कॅलिपर वाचणे, चूक कोठे आहे याचा अंदाज बांधणे, तो पडताळणे आणि पुन्हा करणे: भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही जे शिकवल्याचे मानतो ते इथे खरोखर घडत होते. आमच्या वर्गात ‘मागे बसणारा’ म्हणून ठरलेला एक मुलगा त्या व्हाइससमोरून हलायला तयार नव्हता.

याच संस्थेत पलीकडच्या शेडमध्ये एका व्यवसायाची तुकडी मात्र निदेशकाविना बसली होती. पद रिकामे होते आणि तासिका तत्त्वावर येणारे सर आठवड्यातून काही दिवसच येत. यंत्र होते, पण त्याला हात कसा लावायचा हे दाखवणारे कोणी नव्हते. मुले वहीत आकृत्या उतरवून घेत होती. २०२२ मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास आहेत आणि त्यांपैकी ८४० प्रात्यक्षिकाचे. निदेशक नसलेल्या तुकडीचे ते ८४० तास कोठे जातात? आणि ते गेले हे परीक्षेत कळते का? लेखी परीक्षा आता संगणकावर, पर्याय निवडण्याच्या स्वरूपाची झाली आहे. ती प्रश्नसंच पाठ करून पार करता येते. प्रात्यक्षिक परीक्षा कठोर आणि बाहेरच्या परीक्षकासमोर झाली नाही, तर पाय बदलायला शिकलेला मुलगा आणि आकृत्या उतरवलेला मुलगा यांच्या हातात एकच राष्ट्रीय प्रमाणपत्र पडते. मग कारखानदार त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाही, आणि भोगतो तो पहिला मुलगा.

शासनाची वचने मोठी होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये माध्यमिक शिक्षणानंतरच्या टप्प्यावर निम्मी मुले व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत असे म्हटले. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ते लक्ष्य १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के असे खाली आणले. त्याच काळात आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालयांत किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, ज्यांना सगळे एमसीव्हीसी म्हणतात, ते सुरू झाले. अनेक ठिकाणी ते आज नावापुरते उरले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पुन्हा ५० टक्क्यांची भाषा केली आणि त्याच कागदात कबुलीही दिली की १९ ते २४ या वयातील मनुष्यबळापैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले आहे. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे तिथेच नमूद आहे. या साऱ्या वचनांच्या काळात महाराष्ट्रातल्या आयटीआयमधील गरजू मुलाला महिन्याला मिळणारे विद्यावेतन होते ४० रुपये. १९८० च्या दशकात ठरलेली ही रक्कम तशीच राहिली आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती ५०० रुपये केली. या चाळीस वर्षांत आलेल्या प्रत्येक सरकारने कौशल्याचे गुणगान केले होते. ज्या मुलाला खेड्यातून रोज एसटीने जायचे आहे, ज्याला सेफ्टी शूज आणि डांगरी विकत घ्यायची आहे, त्याच्यासाठी आपण महिन्याला ४० रुपये पुरेसे मानले, हा शिक्षणाच्या क्रमवारीत त्याला कोठे बसवले होते याचा लेखी पुरावा आहे.

आता आयटीआयनंतरच्या टप्प्याकडे, म्हणजे शिकाऊ उमेदवारीकडे यायला हवे, कारण या रस्त्याचा खरा कस तिथे लागतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम हा विचाराने चांगला कायदा आहे. कारखान्यानेच तरुणाला शिकवावे, त्याला विद्यावेतन द्यावे, आणि शेवटी सार्वत्रिक परीक्षा होऊन त्याला प्रमाणपत्र मिळावे, ही त्याची कल्पना. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण याच कायद्याचे १८ वे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. सुरक्षिततेसारख्या काही तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत. २२ व्या कलमाप्रमाणे मुदत संपल्यावर त्याला कामावर घेण्याबाबतचे धोरण मालकानेच ठरवायचे आहे, नोकरी देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. कायदा मोडणाऱ्या मालकाला होऊ शकणारी कैद २०१४ च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि दंड ठेवला. त्याच वर्षी विद्यावेतन मात्र अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडले होते: पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९०. ही जोड फार मोलाची होती, कारण महागाईबरोबर किमान वेतन वाढले की विद्यावेतनही आपोआप वाढणार होते. २०१९ मध्ये ती तोडून ठोक रकमा ठरवल्या गेल्या. दहावी पास उमेदवाराला किमान ६,०००, आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये.

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूरच्या एमआयडीसीत चार मुलांनी मिळून एक खोली घेतली तरी भाडे, मेस आणि जाण्या-येण्याचा खर्च वजा जाता ७,००० रुपयांतले किती उरतात हे त्या भागात राहिलेल्या कोणालाही विचारावे. घरून पैसे मागवावे लागतात. आणि ज्याच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत तो शिकाऊ उमेदवारी अर्धवट सोडून कंत्राटदाराकडे हजेरीवर लागतो, कारण तिथे हातात लगेच जास्त पडतात. अशा प्रकारे सर्वांत गरजू मुलगाच प्रशिक्षणाच्या बाहेर फेकला जातो. त्याहून गंभीर बाब अशी की अनेक ठिकाणी ‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्दच स्वस्त मजुरीचे दुसरे नाव झाला आहे. असेंब्ली लाइनवर एकच बोल्ट दिवसभर आवळणारा मुलगा वर्षाअखेर काय शिकलेला असतो? आमच्या शाळेतून गेलेल्या एकाने मला सांगितले की अकरा महिन्यांत त्याने तीन स्टेशनांवर काम केले आणि तिन्ही ठिकाणी तेच केले. २०१३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ या नावाने आणलेली प्रशिक्षण योजना याच तक्रारींसाठी गाजली आणि पुढे ती बंद करण्यात आली. २० मार्च २०१८ रोजी रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुणांनी माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रूळ अडवले, तेव्हा मुंबईकरांचे हाल झाले आणि वर्तमानपत्रांत त्याच हालांची चर्चा अधिक झाली. त्या मुलांची मागणी साधी होती. तुम्हीच शिकवले, तुम्हीच परीक्षा घेतली, जागा तुमच्याकडे रिकाम्या आहेत, मग आम्हाला घ्या.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि तीत बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना सहा महिने दिले. नंतर ही मुदत पाच महिन्यांनी वाढवली. घरात काही पैसे आले, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण ज्या प्रशिक्षणाला ठरलेला अभ्यासक्रम नाही, शिकवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे असा माणूस नाही आणि शेवटी कसोटी नाही, त्याला प्रशिक्षण म्हणणे बरोबर नाही. तो बेकार भत्ता आहे, आणि तसा तो उघडपणे दिला असता तरी चालले असते. कौशल्य शिक्षणाच्या नावाखाली तो दिल्याने खऱ्या शिकाऊ उमेदवारीची किंमत कमी होते.

जर्मनीचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. तिथे १९६९ च्या कायद्याने देशभर एका चौकटीत आणलेल्या दुहेरी पद्धतीत तरुण आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात किंवा दुकानात शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो; हा क्रम दोन ते साडेतीन वर्षे चालतो. परीक्षा कारखाना घेत नाही आणि शाळाही घेत नाही. ती उद्योग मंडळ घेते, त्यामुळे मालकाला सोयीचे तेवढेच शिकवून भागत नाही. शिकणाऱ्याशी लेखी करार असतो आणि २०२० पासून किमान प्रशिक्षण वेतन कायद्याने ठरलेले आहे. या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. कोवळ्या वयातच मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते आणि त्या वाटणीवर घरच्या परिस्थितीची छाया पडते, ही टीका तिथेच होते. पण त्यांच्या वर्कशॉपचे फोटो पाहून येणारे आपले अभ्यासदौरे या पद्धतीचा कणा पाहत नाहीत. तो कणा म्हणजे मालक, कामगार संघटना आणि शासन या तिघांनी मिळून घेतलेली जबाबदारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि हजारो मुलांच्या मनात जर्मनीची आशा जागी झाली. ही संधी खरी असली तरी तिथे पोचणाऱ्या वीजतंत्र्याला आपले कसब तिथल्या मापाने सिद्ध करावे लागणार आहे. निदेशकाविना बसलेल्या त्या तुकडीतल्या मुलांनी ते कसे सिद्ध करावे?

मुलींचा विचार या चर्चेत बहुधा शेवटी होतो, आणि मीही तो इथे थोडक्यातच करतो आहे याची मला जाणीव आहे. मुलगी आयटीआयला गेली तर शिवणकाम, सौंदर्यप्रसाधन किंवा संगणक चालक, असे घरातच ठरते. वीजतंत्री किंवा यंत्रकारागीर झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्या कामात कोठेही कमी नव्हत्या. त्यांची अडचण प्रशिक्षण संपल्यावर सुरू झाली. दुसऱ्या पाळीनंतर घरी पोचवणारी गाडी नाही, कारखान्यात धड स्वच्छतागृह नाही, वसतिगृह नाही; मग वडील म्हणतात, घरी ये. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ मुलींचे एक सुरक्षित वसतिगृह बांधणे हे शेकडो मेळाव्यांहून अधिक उपयोगाचे आहे.

मग काय करावे? माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत आणि त्यांतली एकही नवा कायदा मागत नाही असे म्हणता येईल. निदेशकांची पदे भरल्याशिवाय त्या व्यवसायाची तुकडी भरू नये. निदेशक नसताना प्रवेश देणे ही फसवणूक आहे. प्रात्यक्षिक परीक्षेचे परीक्षक दुसऱ्या संस्थेतले आणि उद्योगातले असावेत आणि विद्यार्थ्याने परीक्षेत घडवलेला तुकडा, म्हणजे ‘जॉब’, काही काळ जपून ठेवावा, म्हणजे फेरतपासणी करता येईल. विद्यावेतन पुन्हा किमान वेतनाशी जोडावे. जो उद्योग वर्षानुवर्षे शिकाऊ उमेदवार घेतो आणि त्यांच्यापैकी कोणालाच कामावर ठेवत नाही, त्याला सरकारकडून मिळणारा विद्यावेतनाचा वाटा थांबवावा. शासनाचा पैसा शिकवण्यासाठी आहे, मनुष्यबळाचा खर्च वाचवण्यासाठी नाही. आणि पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या आयटीआयच्या मुलांसाठी गणित आणि इंग्रजीचे एक सत्र जादा घ्यावे, कारण ती मुले हाताने हुशार असूनही त्या दोन विषयांपायी गळतात आणि मग ‘यांची पात्रताच नव्हती’ असे म्हटले जाते.

उद्योगांची बाजू मला ठाऊक आहे. शिकवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्यात जास्त पगारावर जातो, मग आम्ही खर्च का करावा, असे लहान कारखानदार विचारतात, आणि तो प्रश्न प्रामाणिक आहे. कोल्हापूर किंवा इचलकरंजीच्या दहा-वीस माणसांच्या फाउंड्रीला एकट्याने प्रशिक्षण परवडत नाही. म्हणूनच एका वसाहतीतल्या लहान कारखान्यांनी मिळून प्रशिक्षण चालवावे, खर्च वाटून घ्यावा आणि मुलाला तीन-चार ठिकाणचा अनुभव मिळावा, अशी व्यवस्था हवी. सहकाराची शंभर वर्षांची परंपरा सांगणाऱ्या राज्यात हे अशक्य असायला नको. दूध आणि साखरेसाठी आपण एकत्र आलो, मुलांना शिकवण्यासाठी अजून आलेलो नाही.

हे सगळे होईपर्यंत दहावीच्या निकालानंतरची ती रांग थांबणार नाही. आता मी पालकांना सरसकट आयटीआय सुचवत नाही आणि सायन्सही सुचवत नाही. मुलाचा कल दिसत असेल तर आईवडिलांना मुलासह त्या संस्थेत प्रत्यक्ष जायला सांगतो, तेही प्रवेशाच्या गर्दीत नको, कामाच्या दिवशी. तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा, असे सांगतो आणि त्या एका चिठ्ठीवर लिहून देतो. या व्यवसायाला कायम शिल्पनिदेशक आहेत का, आणि ते आज शेडमध्ये आहेत का? एका यंत्रावर किती मुले आळीपाळीने काम करतात? गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले कोणत्या कारखान्यांत लागली, आणि त्यांतल्या दोघांचे फोन नंबर मिळतील का? काही पालक ही चिठ्ठी घेऊन जातात आणि परत येऊन सांगतात की पहिल्याच प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिले नाही. काहींना मात्र निदेशकांनी मुलासह आत नेले, यंत्र चालू करून दाखवले आणि त्याच्या हातात गुण्या दिला.